परचक्रांतील मेंढपाळ: वूस्टरचे बिशप संत वुल्फस्टन

ज्युबिलीच्या मंगल प्रसंगीं आपण आपल्या देवळाकडे नव्या दृष्टीनें पाहतों. ज्या हातांनीं त्याचा पाया घातला, ज्या धर्मगुरूंनीं त्याच्या वेदीवर पिढ्यान् पिढ्या मिस्सा केली, आणि ज्या पूर्वजांनीं तेथें बाप्तिस्मा घेऊन त्याच भूमींत शेवटची विश्रांति घेतली, त्या सर्वांची आठवण अशा वेळीं सहजच होते. म्हणून या स्मरणिकेंत एका अशा साधुपुरुषाचें चरित्र वाचकांपुढें ठेवीत आहों कीं, ज्यांच्या हयातींत त्यांच्या देशाचें राज्य परक्यांच्या हातीं गेलें, आप्तेष्टांच्या जमिनी गेल्या, मातृभाषा दरबारांतून हद्दपार झाली, आणि पूर्वजांनीं बांधलेलें देऊळही ज्यांना स्वतःच्या आज्ञेनें पाडावें लागलें. तथापि ज्यांनीं आपला कळप एक दिवसही सोडला नाहीं. हे साधुपुरुष म्हणजे इंग्लंडांतील वूस्टरचे बिशप संत वुल्फस्टन होत.

इंग्लंडच्या मध्यभागीं वॉरिकशायर परगण्यांत लाँग इचिंग्टन नांवाचें एक खेडें आहे. तेथें इ. स. १००८ च्या सुमारास त्यांचा जन्म झाला. पित्याचें नांव एथेलस्टन व मातेचें वुल्फगिफू. दोघांच्या नांवांतील एकेक भाग घेऊन मुलाचें नांव वुल्फस्टन ठेवण्यांत आलें. त्यांचें शिक्षण प्रथम ईव्हशॅम येथील व नंतर पीटरबरो येथील मठांत झालें. पीटरबरो येथील त्यांचे गुरु एर्विन हे सुंदर हस्ताक्षराबद्दल व चित्रकामाबद्दल प्रसिद्ध होते. त्यांनीं सुवर्णाक्षरांनीं सजविलेलीं दोन पुस्तकें, एक मिस्साच्या प्रार्थनांचें व दुसरें स्तोत्रांचें, या बालशिष्याच्या स्वाधीन केलीं होतीं. मुलाचा जीव त्या पुस्तकांवर जडला. परंतु पुढें राजाची मर्जी संपादन करण्यासाठीं गुरूंनीं तीं कॅन्यूट राजाला व एमा राणीला नजर केलीं. मुलाला अत्यंत दुःख झालें. नवल असें कीं, तीं पुस्तकें राजाकडून जर्मनींतील कोलोन शहरीं भेट म्हणून गेलीं, आणि अनेक वर्षांनीं बिशप एल्ड्रेड तेथें वकिलीस गेले असतां त्यांना मिळून पुन्हां वुल्फस्टन यांच्याच हातीं आलीं. गेलेली वस्तु देव कोणत्या वाटेनें परत आणील याचा नेम नाहीं, हा धडा त्यांना असा बालपणाच्या एका दुःखांतून मिळाला.

आईबापांनीं उतारवयांत संसार सोडून वूस्टर येथें संन्यस्त जीवन पत्करिलें. वुल्फस्टन हेही वूस्टरच्या बिशपांच्या पदरीं राहिले व त्यांच्याच हस्तें त्यांना गुरुदीक्षा मिळाली. बिशपसाहेब त्यांना एका चांगल्या उत्पन्नाचें देऊळ देत होते. तें न स्वीकारतां त्यांनीं मठाची वाट धरिली. त्यांच्याविषयीं एक आख्यायिका सांगतात. एकदां मिस्सा करीत असतां जवळच्या घरांत भाजल्या जाणाऱ्या हंसाच्या मांसाचा वास त्यांना आला व क्षणभर चित्त तिकडे धांवलें. ही गोष्ट त्यांच्या मनाला इतकी लागली कीं, त्याच वेळीं त्यांनीं मांसाहार वर्ज्य करण्याचा नेम केला आणि तो जन्मभर पाळिला. तथापि आपल्या पंक्तीस बसणाऱ्यांवर त्यांनीं हा नेम लादला नाहीं. मठांत त्यांनीं मुलांना शिकविलें, गायनवर्गाची व देवघराच्या साहित्याची व्यवस्था पाहिली, आणि इ. स. १०५० च्या सुमारास ते मठाचे प्रायर, म्हणजे प्रमुख, झाले. त्या काळीं कांहीं लोभी पाद्री पैसे घेतल्यावांचून मुलांना बाप्तिस्मा देत नसत. त्यामुळें गोरगरीब आपलीं लेंकरें घेऊन दूरदूरच्या गांवांहून वुल्फस्टन यांच्याकडे येत, आणि ते कोणासही विन्मुख पाठवीत नसत.

अशा माणसाची कीर्ति मठाच्या भिंतींत कोंडून राहत नाहीं. पुढें राजा झालेला सरदार हॅरल्ड हा त्यांच्या भेटीसाठीं आपली वाट सोडून तीस मैलांचा वळसा घेई असें सांगतात. इ. स. १०६२ सालीं परमगुरु पोप यांचे वकील इंग्लंडांत आले व उपवासकाळांत वूस्टरच्या मठांत पाहुणे म्हणून राहिले. त्यांत सियों येथील बिशप एर्मेनफ्रिड हे एक होते. यजमानाची प्रार्थना, जागरण व दानधर्म हे सर्व त्यांनीं प्रत्यक्ष पाहिलें. वूस्टरचें आसन त्या वेळीं रिकामें होत होतें, कारण एल्ड्रेड हे यॉर्कचे आर्चबिशप झाले होते. वकिलांनीं वुल्फस्टन यांची शिफारस केली. पवित्र एडवर्ड राजानें ती मान्य केली. ता. ८ सप्टेंबर १०६२ रोजीं, पवित्र मरियेच्या जन्मोत्सवाच्या दिवशीं, यॉर्क येथें एल्ड्रेड यांच्या हस्तें त्यांना बिशपपदाचा अभिषेक झाला. कँटरबरीचे आर्चबिशप स्टिगंड यांची नेमणूक रोमला मान्य नसल्यामुळें त्यांच्या हातून अभिषेक घेण्याचें टाळण्यांत आलें. ही गोष्ट त्या वेळीं लहान वाटली असेल, परंतु पुढें तीच त्यांना आधार झाली.

यानंतर चारच वर्षांनीं इंग्लंडावर आकाश कोसळलें. ता. ५ जानेवारी १०६६ रोजीं एडवर्ड राजा निपुत्रिक वारला व हॅरल्ड सिंहासनावर बसला. उत्तरेकडील लोक त्याला मान देईनात, तेव्हां त्यानें वुल्फस्टन यांना बरोबर नेलें, व त्यांच्या शब्दानें ते लोक वळले. परंतु समुद्रापलीकडे नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम हा एडवर्डानें राज्य आपल्याला देऊं केलें होतें असें म्हणून जहाजें बांधीत होता. प्रथम नॉर्वेचा राजा उत्तरेंत उतरला. ता. २५ सप्टेंबर रोजीं हॅरल्डानें त्याचा मोड केला, आणि दमलेली फौज घेऊन तो दक्षिणेकडे धांवला. ता. १४ ऑक्टोबर रोजीं हेस्टिंग्जजवळ दिवसभर लढाई झाली. हॅरल्ड व त्याचे दोन भाऊ रणांत पडले. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं विल्यम यानें वेस्टमिन्स्टर येथें राज्याभिषेक करून घेतला.

वुल्फस्टन हे हॅरल्डाचे स्नेही. परंतु लंडनवर चाल करून येणाऱ्या विल्यमला बर्कहॅमस्टेड येथें शरण गेलेल्या पुढाऱ्यांत त्यांचेंही नांव आढळतें. पुष्कळांना हें वाचून वाईट वाटेल. मित्राचें रक्त वाळलें नाहीं तोंच त्याच्या शत्रूपुढें मान लवविणें हें साधूला शोभतें काय, असा प्रश्न मनांत येणें स्वाभाविक आहे. त्याचें उत्तर त्यांच्या पुढील एकोणतीस वर्षांच्या आचरणांतच शोधिलें पाहिजे.

कारण पुढें जें घडलें तें केवळ राजा बदलण्यापुरतें नव्हतें. गांवोगांवीं किल्ले उभे राहिले. उत्तरेंत बंड झालें तेव्हां इ. स. १०६९ व १०७० च्या हिवाळ्यांत विल्यमच्या फौजेनें घरेंदारें, धान्य व गुरेंढोरें जाळून नाश केला, आणि पुष्कळ लोक भुकेनें मेले. त्या वेळीं निर्वासितांना अन्न देणाऱ्यांत वूस्टरजवळील ईव्हशॅमचा मठ होता. इंग्लिश सरदारांच्या जमिनी काढून नॉर्मनांना वांटण्यांत आल्या. इ. स. १०८६ सालीं राजानें साऱ्या देशाची मोजणी करविली. त्या डूम्सडे नांवाच्या ग्रंथांत तेरा हजारांहून अधिक ठिकाणें नोंदलीं आहेत, आणि त्यांत राजाकडून थेट मोठी जमीन धारण करणारे इंग्लिश गृहस्थ बोटांवर मोजण्याइतकेच उरलेले दिसतात. ख्रिस्तसभेंतही तेंच झालें. इ. स. १०७० मध्यें स्टिगंड यांना पदच्युत करण्यांत आलें, आणि एकामागून एक बिशपांच्या व मठाधिपतींच्या जागीं समुद्रापलीकडील माणसें आलीं. कँटरबरीस आलेले लॅनफ्रँक हे मूळचे इटलीचे, मोठे विद्वान व धर्मनिष्ठ होते. हें सर्व एका बाजूस असतां, ख्रिस्तसभेनें विजेत्यांचाही हिशेब मागितला, हें विसरतां कामा नये. त्या मोठ्या लढाईंत ज्यानें जितकीं माणसें मारलीं, त्यानें तितकीं वर्षें प्रायश्चित्त करावें, असा ठराव त्याच एर्मेनफ्रिड यांच्या अधिकारानें नॉर्मन योद्ध्यांना लागू झाला.

वुल्फस्टन यांच्यावरही संकट आलें होतें. ते विद्वान नाहींत, फ्रेंच जाणत नाहींत, असें त्यांच्याविरुद्ध बोललें जाई. यासंबंधीं पुढील शतकांत एक सुंदर दंतकथा रूढ झाली. वेस्टमिन्स्टर येथील सभेंत त्यांना बिशपपदाची काठी परत देण्यास सांगण्यांत आलें. ते मुकाट्यानें उठले, पवित्र एडवर्डाच्या समाधीपाशीं गेले, आणि ज्यानें ही काठी दिली त्यालाच ती परत करतों असें म्हणून त्यांनीं ती दगडांत रोंवली. कोणाच्याही हातांनीं ती हालेना. शेवटीं वुल्फस्टन यांनींच हात लावतां ती अलगद निघाली. ही कथा इतिहास म्हणून घेण्याचें कारण नाहीं. इतिहास इतकें मात्र निश्चित सांगतो कीं, त्यांची निवड व अभिषेक निर्दोष होता, त्यांचें चारित्र्य निष्कलंक होतें, आणि राजा व लॅनफ्रँक या दोघांनाही त्यांची योग्यता पटली. इ. स. १०७५ नंतर इंग्लंडांत अँग्लो-सॅक्सन वंशाचा बिशप असा एकटाच उरला होता, तो वूस्टरचा.

शरण जाऊन त्यांनीं काय मिळविलें? स्वतःसाठीं कांहीं नाहीं. इ. स. १०७५ मध्यें कांहीं सरदारांनीं बंड केलें, तेव्हां बंडखोरांना सेव्हर्न नदी ओलांडूं न देण्याच्या कामीं त्यांनीं साह्य केलें. आणि १०८८ च्या बंडांत बंडखोर वूस्टरवर चालून आले असतां शहराच्या रक्षकांना त्यांनीं धीर दिला. हीं दोन्ही बंडें मुख्यतः नॉर्मन सरदारांचीं होतीं, आणि तीं फोफावलीं असतीं तर जळालीं असतीं तीं इंग्लिश शेतकऱ्यांचींच घरें. दुसऱ्या बाजूनें, जेथें अन्याय दिसला तेथें ते गप्प बसले नाहींत. वूस्टरचा नॉर्मन शेरीफ अर्स यानें किल्ल्याचा खंदक मठाच्या कबरस्तानांतून खणला व देवळाच्या जमिनी बळकावल्या. आर्चबिशप एल्ड्रेड यांच्या मृत्यूनंतर तर वूस्टरचीं बारा गांवें यॉर्ककडेच राहिलीं होतीं. तीं वुल्फस्टन यांनीं राजसभेंत वाद घालून परत मिळविलीं. पुढें कोणी कागदाअभावीं फसवूं नये म्हणून हेमिंग नांवाच्या मठवाशाकडून त्यांनीं सर्व दानपत्रें व हक्कांच्या नोंदी एका ग्रंथांत उतरवून घेतल्या. तो ग्रंथ आजही उपलब्ध आहे. तलवारीनें गेलेलें सर्वच कागदानें परत येत नाहीं. परंतु जें राखतां आलें तें त्यांनीं राखलें.

त्यांचें सर्वांत मोठें कार्य याहून निराळें आहे. त्यांच्या धर्मप्रांतांत ब्रिस्टल हें बंदर होतें. तेथील व्यापारी देशभर फिरून माणसें विकत घेत व आयर्लंडांत नेऊन विकत. तरुण मुलगे व मुली दोरांनीं बांधून रांगांनीं बाजारांत उभ्या केल्या जात. आपल्याच नातलगांना विकणारेही लोक होते. हा धंदा नॉर्मनांनीं आणिलेला नव्हता. तो इंग्लिशांचा स्वतःचा, पिढीजात होता. डूम्सडे ग्रंथांतील नोंदींत दर दहा माणसांमागें सुमारें एक दास आढळतो. म्हणजे ज्या जुन्या राज्यासाठीं वुल्फस्टन यांचें हृदय तुटत होतें, त्याच राज्याच्या पोटांत हें पाप होतें. त्यांनीं त्यावर पांघरूण घातलें नाहीं. विल्यम राजाला या व्यापारापासून कर मिळत असल्यानें तो बंदी करण्यास नाखूष होता. वुल्फस्टन व लॅनफ्रँक यांनीं त्याला नेट लावून तें करावयास लाविलें. परंतु राजाज्ञेनें मन पालटत नाहीं हें वुल्फस्टन जाणत होते. म्हणून ते स्वतः ब्रिस्टलला जाऊन दोन-दोन, तीन-तीन महिने मुक्काम करीत आणि दर रविवारीं लोकांना त्यांच्या मातृभाषेंत उपदेश करीत. हळूहळू लोकांच्या काळजाला पाझर फुटला व त्यांनीं हा धंदा टाकिला. एका हट्टी व्यापाऱ्याला तर त्यांनीं डोळे काढून गांवाबाहेर घालविलें असें चरित्रकार लिहितात. लोकांचा हा क्रूरपणा साधूच्या उपदेशाला शोभणारा नव्हता, हें सांगितलें पाहिजे. इ. स. ११०२ च्या वेस्टमिन्स्टर येथील धर्मसभेनें माणसांची गुरांप्रमाणें विक्री करण्यास साऱ्या देशांत मनाई केली. त्या ठरावामागें या वृद्ध बिशपांनीं ब्रिस्टलच्या बंदरांत वेंचलेले महिने होते.

त्यांची राहणी शेवटपर्यंत साधीच राहिली. कूतांसचे श्रीमंत बिशप जेफ्री यांनीं एकदां त्यांच्या कोंकराच्या स्वस्त कातड्याच्या अंगरख्याची थट्टा केली व निदान मांजराचें तरी कातडें वापरावें असें सुचविलें. वुल्फस्टन यांनीं हसून उत्तर केलें कीं, मिस्सामध्यें देवाच्या कोंकराचें गीत गातात, देवाच्या मांजराचें गीत आपण कधीं ऐकलें नाहीं. घोड्यावर बसून गांवोगांव हिंडतांना ते स्तोत्रें म्हणत, वाटेंत देऊळ दिसलें कीं उतरून प्रार्थना करीत, आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुलांना दृढीकरणाचा संस्कार देत. लांब केस राखणाऱ्या छानछोक तरुणांवर मात्र त्यांचा राग असे. असा कोणी आशीर्वादासाठीं पुढें वांकला कीं, ते खिशांतील लहानशा सुरीनें त्याची एक बट कापीत व बाकीचें काम स्वतः पुरें करण्यास त्याला सांगत.

जेते व जित यांच्यांतील दरी बुजविण्याचाही त्यांनीं यत्न केला. इ. स. १०७७ च्या सुमारास वूस्टरसह सात मठांनीं एकमेकांसाठीं प्रार्थना व दानधर्म करण्याचा करार केला. त्यांत कांहीं मठाधिपति इंग्लिश होते, कांहीं परदेशीं जन्मलेले; आणि करार मात्र इंग्लिश भाषेंत लिहिलेला आहे. आपला आवडता इंग्लिश शिष्य निकोलस याला त्यांनीं लॅनफ्रँक यांच्याकडे शिकावयास पाठविलें. आपल्या मठांत जुन्या इंग्लिश प्रवचनांच्या नकला करण्याचें काम त्यांनीं चालूं ठेविलें. राजाचीं फर्मानें १०७० च्या सुमारापासून इंग्लिश सोडून लॅटिनमध्यें निघूं लागलीं होतीं. परंतु वूस्टरच्या मठांत मातृभाषेचा दिवा विझला नाहीं.

आतां त्या देवळाची गोष्ट. मठांतील बंधूंची संख्या त्यांच्या काळांत बारांवरून पन्नासांवर गेली, व संत ओस्वाल्ड यांनीं दहाव्या शतकांत बांधिलेलें देऊळ अपुरें पडूं लागलें. नॉर्मन बिशप सर्वत्र भव्य पाषाणमंदिरें उभारीत होते. इ. स. १०८४ मध्यें वुल्फस्टन यांनींही नव्या कथीड्रलचा पाया घातला. पांच वर्षांनीं बंधूंनीं नव्या देवळांत प्रवेश केला, आणि जुन्याचें छप्पर उतरविण्यास आरंभ झाला. बिशपसाहेब आंगणांत उभे राहून पाहत होते. पाहतां पाहतां त्यांच्या डोळ्यांतून अश्रु वाहूं लागले. जवळच्यांनीं म्हटलें कीं, एवढें मोठें मंदिर आपल्या हातून झालें, आपण तर आनंद मानावा. त्यावर ते म्हणाले कीं, आपण दुबळे लोक नांवलौकिकासाठीं संतांचें काम पाडीत आहों. त्या पुण्यवान पूर्वजांना भव्य इमारती बांधतां येत नव्हत्या, परंतु कसल्याही छपराखालीं स्वतःला देवाला अर्पण करणें त्यांना ठाऊक होतें. आणि आपण आत्म्यांची हयगय करून दगड रचीत बसतों. नव्या देवळाचें तळघर आजही वूस्टरला उभें आहे. त्याच्या खांबांच्या रांगांत १०९२ सालीं त्यांनीं आपल्या धर्मगुरूंची सभा भरविली होती.

इ. स. १०९५ च्या जानेवारींत, सुमारें सत्त्याऐंशीं वर्षांचे होऊन, ते देवाघरीं गेले. त्यांचे चिटणीस कोलमन यांनीं त्यांचें चरित्र इंग्लिशमध्यें लिहिलें. तें मूळ पुस्तक हरवलें, परंतु माम्सबरीच्या विल्यम नांवाच्या मठवाशानें त्याचें केलेलें लॅटिन रूपांतर उरलें आहे, आणि आपल्याला त्यांची बहुतेक माहिती त्यांतूनच मिळते. इ. स. १२०३ मध्यें पोप तिसरे इनोसंट यांनीं त्यांना संतपद दिलें. विजेत्या विल्यमचाच वंशज जॉन राजा यानें १२१६ सालीं मरतांना आपला देह वूस्टर येथें पुरावा अशी इच्छा दर्शविली, व त्याप्रमाणें त्याला वुल्फस्टन यांच्या सान्निध्यांत पुरण्यांत आलें. जेत्याच्या कुळानें जितांच्या बिशपापाशीं आश्रय मागितला. सोळाव्या शतकांत आठव्या हेन्रीच्या कारकीर्दींत संतांची समाधि मोडून टाकण्यांत आली. राजाची कबर मात्र राहिली.

नॉर्मन विजयाचा परिणाम इंग्लंडावर कायमचा झाला. सुमारें तीनशें वर्षें वरिष्ठ वर्गाची भाषा फ्रेंच राहिली. कोर्टांत इंग्लिश बोलावें असा कायदा १३६२ सालीं झाला. तेराव्या शतकांत वूस्टरच्याच मठांत एक बंधु थरथरत्या हातानें जुन्या इंग्लिश पुस्तकांतील शब्दांवर अर्थ लिहीत बसलेला आढळतो, कारण तोंपर्यंत ती भाषा तिच्याच लेंकरांना कळेनाशी झाली होती. पण भाषा मेली नाहीं, ती मिसळून मोठी झाली. त्या मिश्रणाचा अंश आपल्याही तोंडीं आहे. कोर्ट, जज्ज, ज्यूरी, वॉरंट हे शब्द नॉर्मनांच्या फ्रेंचमधून इंग्लिशमध्यें व तेथून आपल्याकडे आले. मेंढी पाळणारा इंग्लिश कुळवाडी तिला आपल्याच शब्दानें हांक मारी, पण ती धन्याच्या ताटांत गेली कीं तिला फ्रेंच नांव मिळे, तेंच आपलें मटण. इतकेंच काय, बिशप व चर्च हे शब्द वुल्फस्टन यांच्या इंग्लिशांतले, आणि पॅरिश हा शब्द जेत्यांच्या भाषेंतला. आज आपण ते एकाच वाक्यांत सहज उच्चारतों, आणि त्यांच्यामध्यें एके काळीं रक्ताची नदी होती हें कोणाच्या ध्यानींही येत नाहीं.

वुल्फस्टन यांनीं राज्य वांचविलें नाहीं. तें त्यांच्या हातीं नव्हतें. गुलामांच्या दोऱ्या, गरिबांचा बाप्तिस्मा, देवळाचीं दानपत्रें, लोकांची भाषा, हें त्यांच्या हातीं होतें, आणि तें त्यांनीं सोडलें नाहीं. ज्युबिलीच्या दिवशीं आपण आपल्या देवळाच्या भिंतींकडे अभिमानानें पाहूं, तेव्हां त्या वृद्ध बिशपांचे अश्रु आठवावे, आणि त्या भिंतींच्या आंत कोणत्या आत्म्याची हयगय झाली आहे हें ज्यानें त्यानें स्वतःला विचारावें. संत वुल्फस्टन, आम्हांसाठीं विनंति करा.